न झालेल्या युद्धाचे दप्तर

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त कुकटपल्ली येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या मराठी ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटात शिरले, की सर्वाधिक जागा युद्धांनी अडवलेली दिसते. पानिपत आहे, खर्डा आहे, खडकी आणि कोरेगाव आहे. त्यांच्या मागून बखरी, कैफियती, पत्रव्यवहार आणि कादंबऱ्या आहेत. युद्ध झाले की त्याची बखर होते, पोवाडा होतो, पुढे शाळेच्या पुस्तकात धडा होतो. परंतु जे युद्ध होता होता राहिले, त्याच्या वाट्याला कपाट येत नाही. त्याचा विजयदिन पाळला जात नाही, त्याचा स्तंभ उभारला जात नाही आणि त्याची सनावळी कोणी पाठ करीत नाही. घडलेल्या अनर्थाची नोंद राहते. टळलेल्या अनर्थाची राहत नाही. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने अशाच एका न झालेल्या युद्धाचे दप्तर उघडून पाहण्याचे योजले आहे. ते युद्ध १९८६-८७ च्या हिवाळ्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात होण्याच्या बेतात होते.

हा विषय कुकटपल्लीत मांडण्याला एक औचित्य आहे. ह्या वस्तीच्या मधून जो हमरस्ता जातो, त्याला लोक अजूनही मुंबई रस्ता म्हणतात. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करीत तो सोलापूरला पोहोचतो. मराठी माणूस हैदराबादेत आला तो पुष्कळदा ह्याच वाटेने आला. कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी, कोणी लेकीसुनांना भेटण्यासाठी. आणि ह्याच वाटेने १९४८ साली सैन्यही आले. भारत सरकार आणि निजाम सरकार यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्ष मुदतीचा जैसे थे करार झाला होता. त्या कराराने संघर्ष लांबणीवर पडला, टळला मात्र नाही. रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला, दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातला विश्वास संपत गेला आणि कराराची मुदत संपण्याआधीच, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य तुकडी सोलापूरकडून निघून नळदुर्गवर आली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मोहीम पाच दिवसांत आटोपली. तथापि त्याआधी आणि त्यानंतर मराठवाड्याच्या व कर्नाटकाच्या खेड्यांत सामान्य माणसांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी, जे सोसले, त्याचा हिशेब पाच दिवसांत मिटला नाही. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ह्या जिल्ह्यांतल्या जुन्या घरांतून त्याची आठवण दोन पिढ्या उरली. युद्ध लहान असले तरी त्याची सावली लांब पडते, हे ह्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना ठाऊक आहे. म्हणूनच टळलेल्या युद्धाचे मोल येथील श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आता १९८६ सालाकडे वळू. शेजारच्या दोन देशांत त्या वेळी शांतता होती, पण ती निर्धास्त नव्हती. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्याने सियाचीन हिमनदीवर ठाणी मांडली होती. पंजाब धुमसत होता आणि तेथील अतिरेक्यांना सीमेपलीकडून बळ मिळते, अशी दिल्लीची खात्री होती. पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांची सत्ता होती. मार्च १९८५ पासून मोहम्मद खान जुनेजो हे नागरी पंतप्रधान होते. परंतु लष्कराची सूत्रे झियांच्याच हाती होती. भारतात पंतप्रधान राजीव गांधी होते, संरक्षण राज्यमंत्री अरुण सिंग होते आणि १ फेब्रुवारी १९८६ पासून लष्करप्रमुखपदी जनरल कृष्णस्वामी सुंदरजी होते.

सुंदरजी जन्माने तमिळ. पण त्यांची लष्करी कारकीर्द महार रेजिमेंटमध्ये सुरू झाली. मराठी मातीशी ज्या पलटणीचे नाव जोडलेले आहे, तिच्यातून वर आलेला हा सेनापती विचाराने धाडसी आणि आधुनिकतेचा कैवारी होता. रणगाडे, चिलखती वाहने, हेलिकॉप्टर आणि दळणवळणाची नवी साधने यांचा मेळ घालून सैन्याने वेगाने हालचाल करावी, असा त्यांचा आग्रह होता. ही नवी रचना कागदावर बसली, तशी जमिनीवर बसते की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी एक प्रचंड सराव आखला. त्याचे नाव ‘ब्रासटॅक्स’. १९८६ च्या मध्यापासून १९८७ च्या मार्चपर्यंत चार टप्प्यांत तो व्हावयाचा होता. आरंभी नकाशांवरचा अभ्यास, मग क्रमाक्रमाने मोठ्या हालचाली आणि शेवटी राजस्थानच्या वाळवंटात प्रत्यक्ष सैन्याचा सराव. त्यात किती सैनिक उतरले याचे वेगवेगळे अंदाज छापून आले आहेत. परंतु अगदी सावध अंदाजही लाखाच्या पुष्कळ वर जातो. भारताने शांततेच्या काळात इतका मोठा सराव त्यापूर्वी केला नव्हता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सराव आणि स्वारी यांची तयारी शेवटच्या घटकेपर्यंत सारखीच दिसते. आगगाड्यांवर रणगाडे चढतात, दारूगोळा पुढच्या कोठारांत हलतो, रजेवरच्या शिपायांना परत बोलावले जाते, रुग्णालये आणि पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात. सेनापतीच्या मनात काय आहे, एवढाच फरक असतो. आणि मन पलीकडच्या दुर्बिणीतून दिसत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला हेतूवरून नव्हे, तर सामर्थ्यावरून अनुमान करावे लागते.

त्यातच पाकिस्तानचा भूगोल अडचणीचा आहे. कराचीहून लाहोरकडे जाणारा लोहमार्ग आणि मुख्य रस्ता रहीमयार खान, बहावलपूर ह्या पट्ट्यात सीमेपासून फार दूर नाही. राजस्थानातून चिलखती सैन्याची एक जोरदार धडक तेथवर पोहोचली, तर देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडतात. १९७१ साली ज्या देशाचा पूर्वेकडचा भाग तुटून गेला होता, त्याच्या सेनापतींना ही शक्यता केवळ नकाशावरची वाटणे शक्य नव्हते. दिल्ली म्हणत होती, हा सराव आहे. रावळपिंडीला दिसत होते ते वाळवंटात जमलेले सैन्य.

१९८६ च्या नोव्हेंबरात बंगळूरला सार्क परिषद भरली, तेव्हा जुनेजो आणि राजीव गांधी यांची भेट झाली आणि सरावाचा विषय निघाला. पाकिस्तानी शिष्टमंडळ सरावाचा व्याप कमी होईल, अशी समजूत घेऊन परतले. प्रत्यक्षात तसे काही घडताना त्यांना दिसले नाही. दोन्ही देशांच्या लष्करी कार्यवाहीच्या महासंचालकांमध्ये थेट दूरध्वनीची सोय १९७१ च्या युद्धानंतर झालेली होती. तिचा वापर झाला. पण विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे शंका फेडण्याइतकी मोकळी नव्हती. यंत्र होते, मोकळेपणा नव्हता. तार जोडलेली असून संवाद तुटलेला, अशी ही अवस्था होती.

मग पाकिस्तानने आपले हिवाळी सराव लांबवले. सराव संपल्यावर सैन्याने छावणीत परतायचे असते. ते परतले नाही. पाकिस्तानी लष्कराची दोन राखीव दले होती. दक्षिणेकडचे दल सतलज ओलांडून बहावलपूरच्या बाजूने अशा ठिकाणी आले, की तेथून पंजाबच्या फाजिल्का-भटिंडा भागाला धोका पोहोचू शकत होता. उत्तरेकडचे दल रावी आणि चिनाब यांच्या दरम्यानच्या टापूत सरकले. पाकिस्तानच्या दृष्टीने ही बचावाची मांडणी होती. परंतु भारताच्या नकाशावरही एक नाजूक जागा आहे. गुरुदासपूर-पठाणकोट भागातून जम्मूकडे जाणारी वाट अरुंद आहे आणि ती कापली गेली तर काश्मीरचा संबंध तुटतो. पंजाब आधीच अशांत. अशा वेळी दोन चिलखती दले सांडशीच्या दोन पात्यांप्रमाणे पंजाबच्या वर आणि खाली येऊन उभी राहिली, तर दिल्लीने तरी त्यांना बचावात्मक का मानावे? आता अनुमान करण्याची पाळी भारताची होती, आणि भारतानेही हेतूवरून नव्हे, सामर्थ्यावरूनच अनुमान केले. एकाची खबरदारी दुसऱ्याला आगळीक वाटली आणि त्या आगळिकीला उत्तर म्हणून घेतलेली खबरदारी पहिल्याला आपल्या संशयाचा पुरावा वाटली.

जानेवारी १९८७ च्या तिसऱ्या आठवड्यात पंतप्रधानांनी वार्ताहर परिषदेत ह्या हालचालींबद्दल चिंता व्यक्त केली. त्याच दिवसांत परराष्ट्र सचिव ए. पी. वेंकटेश्वरन यांना पदावरून जावे लागले. संकटाच्या ऐन भरात बोलणी करणारे खाते असे मोकळे झाले. २३ जानेवारीला पंजाबात सैन्य आणण्यासाठी विमाने वापरली गेली, सीमेवरची ठाणी भरली गेली आणि सुरक्षा दलांना सज्जतेचे आदेश गेले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्याकडील अर्थखाते काढून त्यांना संरक्षण खात्यात आणले गेले, तेही ह्याच सुमारास. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम राजपथावर चालू होती, तेव्हा सीमेवर दोन्ही बाजूंचे सैन्य समोरासमोर होते.

आणि ह्याच आठवड्यात पाकिस्तानचा क्रिकेट संघ भारतात खेळत होता. २७ जानेवारीला, म्हणजे तणाव शिगेला असताना, होळकरांच्या इंदुरात दोन्ही देशांचा एकदिवसीय सामना झाला. तो पाकिस्तानने जिंकला. एका हाताने खंदक खणावेत आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांच्या गळ्यात हार घालावेत, असा हा प्रकार होता. परंतु त्यात विसंगतीपेक्षा आशेचाच भाग अधिक होता. दोन्ही सरकारांपैकी एकालाही खरोखर लढायचे असते, तर तो दौरा तेव्हाच गुंडाळला गेला असता.

युद्ध टळले कसे? लोकांच्या स्मरणात ह्याचे श्रेय एका प्रसंगाला आहे. २१ फेब्रुवारीला जनरल झिया क्रिकेटच्या निमित्ताने भारतात आले आणि जयपूरच्या कसोटी सामन्याला उपस्थित राहिले. पाहुणचार झाला, छायाचित्रे निघाली आणि ‘क्रिकेट शिष्टाई’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. प्रसंग नाट्यपूर्ण होता यात शंका नाही. पण वृत्तपत्रांच्या फायली तारखेनुसार चाळल्या, तर वेगळेच चित्र दिसते. पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव अब्दुल सत्तार हे ३१ जानेवारीला दिल्लीत आले. भारताच्या बाजूने प्रभारी परराष्ट्र सचिव आल्फ्रेड गोन्साल्विस बोलणीला बसले. पाच दिवसांच्या चर्चेनंतर, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, करार झाला. दोन्ही देशांनी एकमेकांवर हल्ला न करण्याची हमी दिली, चिथावणीखोर हालचाली टाळण्याचे मान्य केले आणि सैन्य टप्प्याटप्प्याने, एकेका विभागातून, मागे घेण्याचे ठरले. सर्वांत आधी रावी-चिनाब पट्टा मोकळा व्हायचा होता, कारण ठिणगी पडण्याचा धोका तेथेच अधिक होता. बोलणीची पुढची फेरी मार्चच्या आरंभी झाली. म्हणजे झिया जयपूरला पोहोचले तेव्हा आग विझवण्याचे काम दोन आठवड्यांपूर्वीच सुरू झालेले होते. प्रेक्षागृहातल्या टाळ्या क्रिकेटला मिळाल्या; पडद्यामागे कलम, पोटकलम आणि नकाशे घेऊन बसलेल्या सचिवांना कोणी ओळखले नाही. शांततेचे काम बहुधा असेच कारकुनी असते. त्याचे छायाचित्र चांगले निघत नाही.

ह्या संकटाचा आणखी एक पदर पुढे उलगडला. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी २८ जानेवारीला पत्रकार कुलदीप नय्यर यांना मुलाखत दिली आणि आपल्या देशाजवळ अणुबॉम्बची क्षमता असल्याचे सूचित केले. ती मुलाखत लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १ मार्चला छापून आली. तोवर सैन्य परतीच्या वाटेला लागले होते. तो इशारा संकटाच्या भरात जगापुढे आला असता, तर त्याने पाय मागे घेतले गेले असते, की उलट घाई झाली असती? दोन्ही शक्यता होत्या. एवढे मात्र खरे, की त्या हिवाळ्यानंतर ह्या दोन शेजाऱ्यांच्या प्रत्येक भांडणावर अणुशस्त्राची छाया पडली.

पूर्वेकडेही तेव्हा स्वस्थता नव्हती. १९८६ च्या उन्हाळ्यात तवांगच्या उत्तरेस सुमदोरोंग चू खोऱ्यात चिनी सैनिक येऊन बसले होते. सुंदरजींनी तेथे हेलिकॉप्टरने सैन्य उतरवून उंचावरच्या जागा धरल्या. २० फेब्रुवारी १९८७ रोजी अरुणाचल प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा चीनने निषेध नोंदवला. त्या वर्षीच्या वसंतात चीनशी युद्ध होणार, असे जगातल्या अनेक राजधान्यांत बोलले जात होते. तेही झाले नाही. एकाच वर्षात दोन सीमांवर दोन युद्धे दारात येऊन परत गेली, हे आजच्या तरुण वाचकाला सांगितले तर तो आश्चर्य करील.

ह्या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्रासटॅक्सच्या वेळी युद्ध खरोखर किती जवळ आले होते, याविषयी जाणकारांत एकमत नाही. सरावाच्या आडून पाकिस्तानला लढाईत ओढण्याचा सुंदरजींचा मनोदय होता, असे काही लष्करी अधिकाऱ्यांनी पुढे लिहिले. इतरांनी ते नाकारले. कांती बाजपेयी, पी. आर. चारी, परवेझ इक्बाल चीमा, स्टीफन कोहेन आणि सुमित गांगुली या भारतीय, पाकिस्तानी व अमेरिकन अभ्यासकांनी मिळून १९९५ मध्ये ह्या संकटावर पुस्तक प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंचे अभ्यासक एकाच टेबलाशी बसून आपापल्या सरकारांच्या चुका तपासतात, ही गोष्टच मोलाची आहे. त्यांच्या अभ्यासातून दिसते ते असे, की एकाही राजधानीने युद्धाचा निर्णय घेतलेला नव्हता. धोका होता तो निर्णयाशिवाय युद्ध सुरू होण्याचा. एखाद्या ठाण्यावरची चुकीची गोळी, रात्री वाट चुकलेली गस्त, भरकटलेले विमान, एवढ्याने काम झाले असते.

दख्खनच्या वाचकाला ह्या संदर्भात अठराव्या शतकातला एक प्रसंग आठवणे साहजिक आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ पहिल्या बाजीरावाने निजामउल्मुल्काला असे कोंडले, की त्याच्या सैन्याची रसद आणि पाणी तुटले. तोफखाना मागे राहिलेला, छावणी अडचणीत. मोठी लढाई देऊन निजामाचा निःपात करण्याचा मोह बाजीरावाला झाला असता तर नवल नव्हते. पण त्याने वाट मोकळी ठेवली आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य झाला, छत्रपती शाहूंचे स्थान मान्य झाले, आणि रणांगणावर मोठा रक्तपात झाला नाही. त्या तहाने वैर संपले नाही. पुढे भोपाळ झाले, उदगीर झाले, खर्डा झाले. पण कोंडलेल्या शेजाऱ्याला बाहेर पडायला दार ठेवावे, ही जाण त्या तहात आहे. १९८७ साली दोन्ही देशांनी एकमेकांना तसे दार ठेवले. सैन्य मागे घेताना कोणी हरले असे म्हणावे लागू नये, म्हणून दोघांनी बरोबर पाऊल मागे घेतले.

आता हैदराबादकडे येऊ. २० मार्च १९८७ रोजी लालबहादूर स्टेडियमवर भारत आणि पाकिस्तान यांचा एकदिवसीय सामना झाला. भारताने चव्वेचाळीस षटकांत २१२ धावा केल्या. पाकिस्तानच्याही धावा झाल्या २१२. शेवटच्या चेंडूवर विजयासाठी दुसरी धाव घेताना अब्दुल कादीर धावचीत झाला आणि सामना बरोबरीत राहिला. भारताचे सहा गडी बाद झाले होते, पाकिस्तानचे सात. म्हणून तेव्हाच्या नियमानुसार भारत विजयी ठरला. सहा सामन्यांच्या त्या मालिकेत भारताचा हा एकमेव विजय. दोन दिवसांनी हे संघ पुण्यात आणि त्यानंतर नागपुरात खेळले. आठ आठवड्यांपूर्वी ज्या दोन देशांचे रणगाडे समोरासमोर होते, त्यांचे खेळाडू आता एकाच मैदानावर एकमेकांशी खेळत होते. हैदराबादेच्या प्रेक्षकांनी त्या दिवशी पाहिला तो केवळ एक चुरशीचा सामना. त्यामागे काय टळले होते, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या मनात आले असेल? बहुधा थोड्यांच्याच, आणि त्यात दोष काही नाही. युद्ध टळल्याची खूणच ही, की लोक निर्धास्तपणे खेळ पाहायला जातात.

आणि युद्ध टळले नसते तर? हे शहर सीमेपासून दूर आहे खरे. परंतु दूर असलेले गाव सुरक्षित असतेच असे नाही. बाळानगरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानांतील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा कारखाना आहे. कुकटपल्लीत खाणी आणि बांधकामांसाठी स्फोटके तयार करणारा इंडियन डिटोनेटर्सचा कारखाना होता. त्याच्या आवाराशेजारच्या तळ्याला आजही त्याच नावाने ओळखतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला भारत डायनॅमिक्स आणि क्षेपणास्त्रांची संशोधनशाळा, मौलाअलीच्या बाजूला अणुभट्ट्यांचे इंधन तयार करणारे न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स. ह्या कारखान्यांतून मराठी कुटुंबांनीही संसार उभे केले, मुले शिकवली, आणि ग्रंथालयांच्या वर्गण्या भरल्या. युद्धाच्या काळात अशा शहराचे नाव शत्रूच्या यादीत कोठे तरी असते.

यादीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक यादी सांगितली पाहिजे. ब्रासटॅक्सच्या धड्यातून काही करार जन्माला आले. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याच्या करारावर सह्या केल्या. त्याच्या व्याख्येत अणुभट्ट्यांबरोबर इंधन तयार करणारे कारखानेही येतात. म्हणजे हैदराबादसारख्या शहराशी त्याचा थेट संबंध आहे. १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी नववर्षाच्या दिवशी अशा प्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिलचे युद्ध झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर हल्ला झाला, पण हा रिवाज मोडला नाही. १ जानेवारी २०२५ रोजी तो सलग चौतिसाव्या वेळी पाळला गेला. ६ एप्रिल १९९१ रोजी आणखी दोन करार झाले. मोठ्या लष्करी सरावांची पूर्वसूचना द्यायची. कोअर पातळीवरचा सराव सीमेपासून ४५ किलोमीटरच्या आत आणि डिव्हिजन पातळीवरचा २५ किलोमीटरच्या आत करायचा नाही. लढाऊ विमाने सीमेच्या १० किलोमीटरच्या आत आणायची नाहीत. हे कोरडे आकडे वाचताना कंटाळा येतो. पण प्रत्येक आकड्यामागे १९८७ च्या त्या जानेवारीतली एक एक धास्ती उभी आहे.

चीनच्या बाबतीतही असेच घडले. राजीव गांधी डिसेंबर १९८८ मध्ये बीजिंगला गेले आणि ७ सप्टेंबर १९९३ रोजी सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला. तेव्हा पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारा, रामटेकातून दोनदा लोकसभेवर गेलेला आणि मराठी उत्तम जाणणारा हा हैदराबादचा विद्वान. दुसऱ्याच्या भाषेत शिरून त्याचे म्हणणे आपल्या भाषेत आणणे हे अनुवादकाचे काम. वाटाघाटी करणाऱ्याचे काम त्याहून फार वेगळे नसते.

ह्या करारांनी युद्धे कायमची थांबली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९९९ मध्ये कारगिल घडले. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये जवळजवळ दहा महिने समोरासमोर उभी राहिली आणि पुन्हा एक युद्ध दारातून परतले. मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, चार दिवस प्रत्यक्ष हल्ले-प्रतिहल्ले झाले. तेही १० मेच्या संध्याकाळी थांबले, ते पाकिस्तानच्या लष्करी कार्यवाहीच्या महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना केलेल्या दूरध्वनीनंतर. ज्या तारेवर १९८६ साली मोकळे बोलणे झाले नाही, तीच तार उपयोगी पडली. नंतरच्या काळात करारही मोडले, विश्वासही मोडला. पण बोलण्याची वाट कोणी पुरती बुजवली नाही. अतिरेक्यांच्या अत्याचाराला उत्तर द्यावे लागते, सैन्य सज्ज ठेवावे लागते, हे कोणी नाकारणार नाही. प्रश्न एवढाच, की उत्तर देताना कोठे थांबायचे हे ठाऊक असणारी माणसे आणि ती थांबू शकतील अशा व्यवस्था शिल्लक आहेत की नाहीत.

येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. संकट येते तेव्हा लोक आवेशाने बोलतात, आणि ते स्वाभाविकही असते. परंतु आवेश ओसरल्यावर काय घडले, कोणी काय म्हटले, कोणत्या तारखेला कोणते पाऊल उचलले गेले, हे पडताळून पाहण्याची जागा समाजात कोठे तरी असावी लागते. क्रिकेटने युद्ध थांबवले ही गोड कथा आणि पाच दिवसांच्या रुक्ष बोलण्यांनी ते थांबवले ही खरी हकीकत, यांतला फरक वृत्तपत्रांच्या बांधीव फायलींवाचून कळत नाही. म्हणून फायली जपाव्यात, त्यांच्या पानांना वाळवी लागू देऊ नये, आणि त्यांसाठी जागा अपुरी पडते अशी तक्रार आली तर आश्रयदात्यांनी ती अग्रक्रमाने ऐकावी. कादंबऱ्यांची नवी आवृत्ती निघते. २४ जानेवारी १९८७ च्या अंकाची निघत नाही.

शंभर वर्षांच्या काळात अशा संस्थेच्या छताखाली निजामाची राजवट, पोलीस कारवाई, भाषावार प्रांतरचना, तेलंगणाची चळवळ आणि नव्या राज्याची स्थापना यांच्या बातम्या वाचल्या गेल्या. त्यांच्याबरोबरच ज्या बातम्या छापाव्या लागल्या नाहीत, त्याही ह्या इतिहासाचा भाग आहेत. पुढील शतकात ग्रंथपाल युद्धांच्या पुस्तकांसाठी नवे कपाट मांडतील, तेव्हा त्याच कपाटात एक कप्पा टळलेल्या युद्धांसाठी राखावा. त्यात तहांची कलमे असावीत, सचिवांची टिपणे असावीत, आणि ४ फेब्रुवारी १९८७ च्या कराराची एक प्रतही असावी. तो कप्पा अरुंद असेल. पण त्यातल्या कागदांमुळे जी माणसे घरी परतली, त्यांची गणती करायला साऱ्या ग्रंथालयाची दालने अपुरी पडतील.